गाडीच्या कपाळावरची पाटी

फोटोतल्या ट्रकच्या वर काय लिहिलंय, असं धाकटीने विचारलं होतं. उत्तर तुमच्या बाबाने दिलं आणि ते खोटं दिलं. मी तेव्हा काही बोलले नाही. व्हिडिओ कॉल चालू होता, प्रदर्शनाचा हॉल अनोळखी लोकांनी भरलेला होता, त्यांच्यासमोर मुलाला खोटं पाडणं मला जमलं नाही. म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहिते. मराठीत लिहिते. सुरतेच्या शाळेत मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, तुम्हाला इंग्रजीत लिहिणं मला अजिबात जड नाही. पण मराठीत लिहिलं की तुम्हाला हे बाबाकडूनच वाचून घ्यावं लागेल, आणि मला तेच हवं आहे.

मी परदेशी, तुमच्या खाणीच्या गावात राहायला आले होते, ते मोठ्याला तरी आठवत असेल. एका रविवारी बाबाने आपल्याला पहाटेच उठवलं आणि लाल रस्त्यावरून खूप लांब नेलं. बंद पडलेल्या एका खाणीजवळ जुने ट्रक उभे होते. चाकं नाहीत, काचा नाहीत, एकाच्या बॉनेटमधून झुडूप वर आलेलं. माश्यांनी जीव नकोसा केला होता. तुमचा बाबा मात्र कॅमेरा घेऊन सरळ त्या लाल मातीत पोटावर झोपला. एवढ्या भक्तिभावाने मी त्याला देवासमोरही वाकलेलं पाहिलं नव्हतं.

"कुणाचा रे हा?" मी विचारलं.

"कुणाचाच नाही, आई. म्हणून तर भारी दिसतो."

"कुणाचा तरी असेलच की. रोज सकाळी कुणीतरी चालू करत असेल त्याला."

"तू ना, प्रत्येक गोष्टीचा धडा करतेस."

मोठा हसला. त्याला काय कळलं कोण जाणे, बाबा हसला म्हणून तोही हसला. मी गाडीत जाऊन बसले आणि काच वर केली. माझ्या डोळ्यांपुढे कामरेजजवळच्या आमच्या प्लॉटवर उभी असलेली गाडी होती, पण तिचं नाव तोंडातून काढलं नाही. वाटलं, त्यालाच आठवेल. दिवसभरात नाही आठवलं.

ती गाडी तुमच्या आजोबांची. ट्रक हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही, त्यांची ती गाडी. धुळ्याकडून सुरतेला आले तेव्हा काही दिवस लूमवर काढले, मग गाडी घेतली आणि शेवटपर्यंत स्वतःच चालवली. इथून कापडाचे तागे न्यायचे, तिकडून मिळेल तो माल आणायचा. माझ्या माहेरी सगळे म्हणायचे, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या मुलीने गाडीवाला काय बघून केला? तुमचा बाबा जन्मला त्या आठवड्यात आजोबांनी पेंटर बोलावला आणि केबिनच्या कपाळावर, काचेच्या वर, लाकडी पाटीवर त्याचं नाव घातलं. पिवळ्यावर लाल अक्षरं, कडेला दोन कमळं. पुढे ती गाडी जुनी झाली, विकली, दुसरी आली. पाटी मात्र त्यांनी विकू दिली नाही, काढून नव्या गाडीवर बसवली. म्हणजे धुळे, जळगाव, सुरत या रस्त्यावर सगळी वर्षं तुमच्या बाबाचं नाव सगळ्यांत पुढे धावत होतं.

त्याला त्याचं काय वाटत होतं, तेही सांगते. आजोबा कधी मोकळे असले तर त्याला गाडीतून शाळेत सोडायचे. तो अलीकडच्या वळणावर उतरून चालत यायचा. मी त्याच शाळेत शिकवत होते, स्टाफरूमच्या खिडकीतून मला दिसायचं. वडील काय करतात असं विचारलं की "ट्रान्सपोर्ट बिझनेस" म्हणायचा. आजोबांना हे मी सांगितलं नाही. पण ते काही दूधखुळे नव्हते. पुढे ते आपणहूनच वळणावर गाडी थांबवायला लागले.

गुडघे गेल्यावर त्यांनी गाडी कामरेजच्या प्लॉटवर नेऊन उभी केली. तिथे कधीतरी गोदाम बांधायचं होतं, ते राहिलं. दर रविवारी बसने जायचे, गाडी चालू करायचे, जरा वेळ इंजिनाचा आवाज ऐकायचे आणि परत यायचे. ते गेल्यावर ती चालू करणारं कुणी राहिलं नाही. पण दर दसऱ्याला मी आणि माझे दीर, म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ, जायचो. मी काच आणि दारं ओल्या फडक्याने पुसायची, झेंडूची माळ चढवायची, नारळ फोडायचा, चाकापुढे लिंबं ठेवायची. चालत्या गाडीखाली ती लिंबं चिरडतात. आमची गाडी हलत नसल्यामुळे मागच्या वर्षीची लिंबं तिथेच वाळून काळी झालेली सापडायची. ती उचलायची आणि नवी ठेवायची, असं चाललं होतं.

मग प्लॉटला गिऱ्हाईक आलं. कतारगामला हिऱ्याचं काम असलेले एक सज्जन गृहस्थ. त्यांना जागा मोकळी हवी होती. मी तुमच्या बाबाला फोन केला.

"भंगारात देऊन टाक, आई," तो म्हणाला. "त्यात काय विचारायचं?"

"एकदा येऊन बघून जा, मग देते."

"बघायचं काय त्यात?"

म्हणून मी एक फोटो काढून पाठवला. पाच मिनिटांत त्याचाच फोन आला, आवाज पार बदललेला. "आई, हात लावू नकोस तिला! काय गंज चढलाय, काय रंग उडालाय! आमच्या फोटो-क्लबचं प्रदर्शन आहे, त्यात ही हवीच. मी दसऱ्याला येतो. मीच काढतो."

गंजासाठी का होईना, येतो म्हणाला. मी त्याच्या खोलीचे पडदे धुतले. प्लॉट घेणाऱ्यांना दसऱ्यापर्यंत थांबायची विनंती केली. ते भले, म्हणाले, "दशेरा पछी तो खाली करी आपशो ने, बा?" दसऱ्यानंतर जागा रिकामी करून देते, असं मी कबूल केलं. दसऱ्याच्या आधी चार दिवस तुमच्या बाबाचा फोन आला की खाणीत मोठं काम निघालंय, रजा रद्द. "फोटो तूच काढ, आई. मी फोनवर सांगतो तसा काढ. सोपं आहे."

दीर बरोबर होते. सकाळी पोचलो आणि नेहमीप्रमाणे सगळं केलं. या वेळी शेवटचं म्हणून मी आरशांच्या मागचं जाळंही काढलं, पाटी तर तेलाचा हात लावून पुसली. लाल अक्षरं वर आली. मग तुमच्या बाबाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन गाडीकडे धरला.

"हे काय केलंस? पुसलीस?"

"दसरा आहे आज."

"अगं, धूळच तर हवी होती! आणि ती माळ काढ आधी. माळेमुळे कुणीतरी सांभाळलेला ट्रक वाटतो."

"सांभाळलेलाच आहे."

"हो गं, पण फोटोत तसं दिसायला नको. बाकीच्या फोटोंत बसत नाही."

दीर नारळाची शेंडी काढत बसले होते. "काय म्हणस तो?" त्यांनी विचारलं.

"माळ काढा म्हणतो. वापरात नसलेली गाडी दिसायला हवी."

"मंग त्याले सांगा, मन्हाच फोटो काढ. मी बी वापरमा नही आते."

मला हसू आलं. फोनमधून तुमच्या बाबाने विचारलं, काका काय म्हणतायत? अहिराणी त्याला लहानपणी चांगली कळायची. मी म्हटलं, काही नाही, तब्येत विचारतायत तुझी.

माळ काढली. मग तो म्हणाला, "काचेवर थोडी माती टाक. थोडीच, आई. प्लीज."

दीर उठून उभे राहिले. "वहिनी, ते नका करू. दसरा शे आज."

मी केलं. मूठभर माती घेतली आणि ज्या काचेमागे तुमचे आजोबा सगळं आयुष्य बसले तिच्यावर फेकली. काच अजून ओली होती, माती छान चिकटली. दीर पाठ फिरवून शेजारच्या उसाकडे बघत राहिले. फोनमधून आवाज आला, "परफेक्ट."

मग समोरून, डावीकडून, मागून, उजवीकडून असे मी ओळीने फोटो काढले. त्याला समोरचा खालून हवा होता. मी उलट्या डब्यावर बसले. "अजून खाली." माझं वय त्याला माहीत आहे. दिरांनी माझा दंड धरला आणि मी जमिनीवर बसले. प्रदर्शनात लागला तो फोटो हाच. परत निघताना मी माळ पुन्हा चढवली, पण काच पुसायला पाणी उरलं नव्हतं.

गाडी कापली त्या दिवशी मी गेले नाही. दीर गेले. कटर चालू व्हायच्या आधी त्यांनी पाना घेऊन पाटीचे बोल्ट सोडवले आणि रिक्षात आडवी घालून ती घरी आणून दिली. चहासुद्धा न घेता गेले.

मग प्रदर्शनाचा दिवस. तुम्ही मला फोनवरून हॉल फिरवून दाखवलात, मला बरं वाटलं. एकेक लाल मातीतला ट्रक, त्याखाली छापलेल्या ओळी. आमच्या गाडीपाशी धाकटीने फोन थांबवला. खाली इंग्रजीत होतं: टाकून दिलेला ट्रक, भारत. मालक अज्ञात. त्याखाली फोटो काढणाऱ्याचं नाव होतं, ते माझं नव्हतं, तुमच्या बाबाचं होतं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, फोटो काढायला मला त्यानेच सांगितलं. पण एकाच चित्रात त्याचं नाव दोनदा होतं, वर मराठीत आणि खाली इंग्रजीत, आणि मध्ये मालक अज्ञात. त्या हॉलमध्ये वरचं नाव वाचू शकणारा एकच माणूस होता.

तेव्हा धाकटीने त्याला विचारलं, वर काय लिहिलंय? त्याच्या बाजूला क्लबचे दोन-तीन लोक उभे होते. तो म्हणाला, कुठल्यातरी देवाचं नाव असेल, तिकडे सगळेच ट्रकवर लिहितात. इंग्रजीत म्हणाला. फोनकडे त्याने पाहिलं नाही. शाळेच्या अलीकडच्या वळणावर उतरताना तो असाच मान खाली घालून उतरायचा.

रात्री त्याचा मेसेज आला, सगळ्यांना आपला फोटो फार आवडला. मी अंगठा पाठवला. आणखी काय पाठवणार?

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. काकांनी पाटी काढून ठेवली हे त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. "आई, ती पाठव ना. आमच्या घरात भिंतीवर काय सुंदर दिसेल!" दुसऱ्या दिवशी त्याने परस्पर कुरिअरवाला धाडला. तो आला, पाटीला टेप लावून लांबीरुंदी घेतली. मी त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, हे जायचं नाही.

पाटी माझ्या पलंगाच्या डोक्याशी भिंतीला टेकवून ठेवली आहे. ज्याचं नाव आहे त्याने इथे यावं आणि स्वतःच्या हाताने उचलून न्यावी. येताना फोटोखालची ती ओळ बदलून यावं.

नाव तीनच अक्षरांचं आहे. हे वाचून दाखवणाऱ्याला आता विचारा, सांगेल. नाही सांगितलं तर सुट्टीत तुम्ही दोघं इकडे या. वाचायला मी शिकवीन.