काकूंचं एकभुक्त

अजूनही मला ते खरं वाटत नाही. सरलाकाकू माझ्या घरापासून चालत सात मिनिटांवर राहतात. ऑफिसला जाताना रोज मला त्यांची खिडकी दिसते. ऑगस्टमधल्या, म्हणजे इकडच्या ऐन थंडीतल्या, त्या बुधवारी ॲम्ब्युलन्सवाल्याने मला विचारलं, "यांच्याकडे बघायला कोणी नाही का?" आणि मला चक्क त्याचा राग आला. अरे, मी आहे ना! जॉन्सनव्हिलच्या आमच्या मराठी मंडळात काकूंना सगळ्यात जवळची मीच, हे मी चारचौघांत छाती पुढे काढून सांगत असे.

काकू बहात्तर वर्षांच्या. पुण्यात सहकारनगरच्या एका शाळेत तीस वर्षं त्यांनी मुलींना शिवण शिकवलं. मुलगा क्षितिज इकडे आयटीत, म्हणून सात वर्षांपूर्वी त्या आणि शशिकांतकाका इथे आले. पुढे क्षितिजला ऑकलंडला काम मिळालं आणि तो बायकामुलांना घेऊन तिथल्या माउंट रॉस्किलला राहायला गेला. दोन वर्षांपूर्वी काका गेले. तेव्हा क्षितिज आईला घेऊन जायला आला होता, पण काकूच गेल्या नाहीत. "त्यांच्या दोन बेडरूममध्ये चार माणसं आधीच आहेत. मी काय पाटावर बसून राहू?" म्हणाल्या आणि एका बेडरूमच्या भाड्याच्या युनिटमध्ये एकट्या राहिल्या. भाडं क्षितिज परस्पर भरायचा आणि वरखर्चाला दर आठवड्याला पैसे पाठवायचा.

एकटीचा संसार कसा करावा हे काकूंकडून शिकावं. रविवारी एकदाच फोडणी करायच्या, मोहरी, हिंग, हळद घालून चांगली वाटीभर, आणि ती बाटलीत भरून ठेवायच्या. मग आठवडाभर चमचाभर फोडणी वरणावर, चमचाभर कोबीवर. कांदा अर्धाच चिरायचा, उरलेला अर्धा वाटीखाली पालथा. खिचडीची तर गंमतच होती. अर्धी वाटी तांदूळ, मूठभर मुगाची डाळ, पाणी, की एक सणसणीत उकळी आणायची आणि शेगडी बंद. झाकण लावलेलं पातेलं वर्तमानपत्रात आणि मग जुन्या गोधडीत गुंडाळून खोक्यात ठेवायचं. तासाभराने खिचडी तयार. खिचडी ताटात घेतली की तीच ऊबदार गोधडी पायांवर घ्यायची. "एका विजेत दोन कामं," असं सांगताना त्यांचे डोळे शिवणाच्या बाईंसारखेच चमकायचे.

थंडीशीही त्यांनी असाच सौदा केला होता. आमचं जॉन्सनव्हिल डोंगरावर, त्यात दक्षिणेचा वारा सुटला की तो दाराच्या फटीतून थेट गुडघ्यात शिरतो. काकूंनी जुन्या ब्लाउजपीसच्या लांब नळ्या शिवल्या, त्यांत चिंध्या भरल्या आणि प्रत्येक दाराखाली एक लावली. गहू भरून छोट्या पिशव्या शिवल्या, त्या मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं गरम करून कमरेशी घ्यायच्या. दिवसा दहा ते चार लायब्ररीत जाऊन बसायच्या. "तिथे हीटर फुकट, पेपर फुकट आणि माणसं बघायला मिळतात ती वेगळीच."

आम्ही सगळ्या यावर फिदा होतो. नवीन आलेल्या, शेअरिंगमध्ये राहणाऱ्या पोरापोरींसाठी मीच काकूंचा एक वर्गसुद्धा ठेवला मंडळात, 'एकट्याचा स्वयंपाक' नावाचा. वीस जणं आली. गोधडीतली खिचडी बघून एक जण म्हणाला, "काकू, धिस इज सो स्मार्ट, ढीगभर पैसे सेव्ह होतील!" मी असा चेहरा करून उभी होते जणू खिचडी माझीच.

आणि मग त्यांचं एकभुक्त. थंडीच्या सुरुवातीला मंडळाचं जेवण होतं. काकूंनी ताट घेतलंच नाही. मी आग्रह करायला गेले तर हळूच म्हणाल्या, "माझं एकभुक्त चाललंय गं सध्या. दुपारी एकदाच जेवते." बाहेर धो धो पाऊस, चार वाजताच अंधारून आलेलं. मी लगेच ताट बाजूला केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काकूंचा चातुर्मास आहे! कुणी आग्रह करू नका." काकू नुसत्या हसल्या. तेव्हापासून त्यांना कुणी काही खायला दिलं नाही. आपल्याकडे कुणी व्रत धरलं की आपण विचारत नाही. उलट समोर खायचीसुद्धा चोरी. मी तर डब्यातून साबुदाण्याचे वडे घेऊन जायचे, तेही बंद केले. मोठी पुण्यवान मी! काकूंचं व्रत मोडायचं पाप नको म्हणून.

त्या बुधवारी मी घरून काम करत होते. गणपतीच्या मखराचा पडदा काकूंकडे शिवायला दिला होता, तो आणायला दुपारी गेले. दार बराच वेळ उघडेना. उघडलं तेव्हा काकू काकांची कानटोपी घालून उभ्या होत्या, अंगात दोन स्वेटर, वर शाल. थरथरत नव्हत्या, म्हणून मला उलट बरंच वाटलं. मग त्यांनी मला "या बाई, फी भरायला आलात का?" असं विचारलं. जीभ जड. माझ्याकडे बघून मला न बघणारे डोळे. मी हात धरला तर तो बाहेर ठेवलेल्या दुधाच्या बाटलीसारखा गार. मला वाटलं पक्षाघात. ॲम्ब्युलन्ससाठी एकशे अकराला फोन केला तेव्हा पत्ता सांगताना माझीच जीभ जड झाली होती.

ॲम्ब्युलन्सवाला धिप्पाड, गोड माणूस होता. "किया ओरा, सरला," असा माओरीतला नमस्कार करत त्याने त्यांना तपासलं आणि दोन आकडे सांगितले. काकूंच्या अंगाचं तापमान तेहतीस सेल्सियस, असायला हवं सदतीस. खोलीचं आठ. थरथर थांबणं हीच वाईट खूण असते, हेही त्यानेच सांगितलं. आणि मग तो प्रश्न विचारला, ज्याचा मला राग आला.

हॉस्पिटलमध्ये त्यांना गरम हवेच्या पांघरुणात ठेवलं. तासाभराने एक तरुण डॉक्टरीण आली. पक्षाघात नव्हता. अंग गारठलं होतं आणि वजन भरलं एकेचाळीस किलो. "त्या जेवतात का?" तिने विचारलं.

मी अभिमानाने सांगायला लागले. आमच्यात चार महिन्यांचं एक व्रत असतं, त्यात एकदाच जेवतात, त्या फार श्रद्धाळू आहेत, वगैरे.

"सुरू कधी केलं?"

"त्या मंडळाच्या जेवणाच्या वेळी. ॲन्झॅक डेच्या वीकेंडला," मी म्हणाले आणि तिथेच थांबले.

मी एका कंपनीत पगारपत्रकं बघते. कुणाची रजा कधी सुरू, कधी संपली, दिवस मोजणं हाच माझा धंदा. माझ्या स्वयंपाकघरात पुण्याहून मागवलेलं कॅलेंडर लटकतं आहे, तिथीवारासकट. ॲन्झॅक डे म्हणजे पंचवीस एप्रिल. म्हणजे चैत्र. त्याच्या दोन-तीन आठवडे आधी मी स्वतः दारात गुढी उभारली होती. चातुर्मास लागतो आषाढी एकादशीला, जुलैत! चैत्रात कसला चातुर्मास? बाहेर पाऊस आणि अंधार बघून मी आपला लावून टाकला. आणि त्या हॉलमध्ये जवळजवळ साठ मराठी माणसं होती. एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मी क्षितिजला फोन लावला. तो घाबरला, संध्याकाळचं विमान पकडतो म्हणाला. मग मी म्हणाले, "अरे, त्या काही खातच नव्हत्या बहुतेक."

मग तो म्हणाला, "असं कसं, विभाताई? तुम्ही सगळ्या रोज डबे देता ना तिला? मी तुम्हाला थँक्यू म्हणायला फोन करणारच होतो. माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं एप्रिलमध्ये. आईच म्हणाली, मंडळातल्या बायका आळीपाळीने डबे आणतात, किराणा लागतच नाही, पैसे पाठवू नकोस. मी नको नको म्हणत होतो. मग अगदी थोडे पाठवायला लागलो. ताई... डबे देत होता ना?"

त्याला वाटत होतं आम्ही जेवू घालतोय. आम्हाला वाटत होतं देव जेवू घालतोय. आणि मधे एक बाई एकेचाळीस किलोवर आली होती, आमच्या डोळ्यांदेखत, वर्ग घेत, पडदे शिवत, हसत.

काकूंचे कपडे आणायला मी त्यांच्या घरी गेले. बेडरूम बंद, पलंगावरची गादी ओढत हॉलमध्ये आणलेली. भिंतीवर खोली गरम करणारा हीट पंप, पण त्याच्या रिमोटमधले सेल काढून गजराच्या छोट्या घड्याळात घातलेले. तांदळाच्या डब्यात तळाला चार मुठी तांदूळ. फ्रीजमध्ये वाटीखाली अर्धा कांदा, फ्रोझन मटारची पिशवी चिमटा लावून ठेवलेली, बाकी नुसता दिवा. कोपऱ्यात ते खोकं होतं. मला जरा हायसं वाटलं. म्हटलं, निदान आज खिचडी तरी लावली होती. गोधडी उलगडली, वर्तमानपत्र काढलं, झाकण उचललं.

पातेल्यात पाणी होतं. नुसतं पाणी. गोधडी ऊबदार व्हावी म्हणून उकळून गुंडाळलेलं.

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. आणि खरं सांगायचं तर मला काकूंचा भयंकर रागही आला. सात मिनिटांवर मी राहते! माझ्या फ्रीजमध्ये उरलेलं अन्न मी दर सोमवारी फेकते! एक शब्द टाकला असता तर मी काय नाही म्हणाले असते?

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तेव्हा काकू उशीला टेकून बसल्या होत्या. चेहऱ्यावर रंग आला होता. क्षितिज रात्रीच पोचला होता; तो खाली चहा आणायला गेला होता. मी ठरवून आले होते की आजारी माणसाला काही बोलायचं नाही. पण माझी जीभ माझ्या ताब्यात कधी असते?

"काकू, मला का नाही सांगितलंत? मी काय परकी होते?"

त्यांनी पांघरुणाची शिवण चाचपली.

"तुलाच कसं सांगणार गं, विभा?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पाडव्याला तुझ्याकडे जमलो होतो आपण. मंडळातल्या लताच्या मुलाची गोष्ट निघाली, त्याची नोकरी गेली आणि त्याने लताला भारतात परत पाठवलं ती. तू श्रीखंड वाढत होतीस. म्हणालीस, पोसायची ऐपत नव्हती तर आईला आणलं कशाला इथे, शोभेला? सगळ्या हसल्या. मीही हसले. क्षितिजचा फोन त्याच सकाळी आला होता."

मला ते वाक्य आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण ते माझंच होतं, यात मला शंका नव्हती. 'शोभेला' हा शब्द माझाच. मी दिवसाला अशी दहा वाक्यं बोलते, लोक हसतात, मी पुढचं वाढायला घेते.

"माझ्या मुलाबद्दल कुणी असं बोललेलं मला नको होतं," काकू म्हणाल्या. "तू चातुर्मास म्हणालीस, मला बरंच झालं. मग दुपारचंही हळूहळू सुटलं."

तेवढ्यात क्षितिज आत आला. हातात चहाचे दोन कप, डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा चेहरा कसा झाला असेल देव जाणे.

"काय झालं, ताई? आई काय म्हणत होती?"

काकूंनी पांघरुणाखालून माझं मनगट पकडलं. त्या बोटांत इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"काही नाही रे," मी म्हणाले. "भूक लागलीय म्हणत होत्या."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मनगटावरची पकड सैल झाली.

"हो," त्या मुलाला म्हणाल्या. "फार लागलीय रे."