ऐरणीवरचे वॉरंट

देवळात रोज संध्याकाळी चार माणसे भजनाला जमू लागली की किस्से आपोआप साठत जातात. भजन संपते, टाळ पिशवीत जातात, आरतीचे तबक विझते, पण माणसे काही उठत नाहीत. मी देवाची पूजा करणारा माणूस. माझ्या जिभेवर संतांची वाणी असावी, कोर्टाची कलमे नव्हेत. तरीही त्या काळात आमच्या भोसरीच्या देवळात कायद्याचे इतके शब्द बोलले गेले, की एखाद्या ओवीचा अर्थ लावावा तसे आम्ही 'जप्ती' या शब्दाचा अर्थ लावत बसत असू.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षे झाली होती. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, आणि आमच्या गावात अजून बैलगाड्यांची चाके लोहाराच्या दारात दुरुस्त होत होती. तो लोहार म्हणजे महादू. भजनात पखवाज त्याचा. वादळात त्याच्या भट्टीवरचे छप्पर उडाले, ते पुन्हा घालायला त्याने चाकणच्या एका सावकाराकडून कर्ज काढले आणि पुढे हप्ते थकले. त्याच्याकडे किमतीची अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे ऐरण. सावकाराची नजर नेमकी तिच्यावर होती. ऐरण गेली असती, तर महादूचा धंदाच गेला असता.

कर्ज बुडवावे असे आमच्यापैकी कोणीही कधी म्हटले नाही, महादूने तर नाहीच. प्रश्न एवढाच होता, की मागणाऱ्याने कुठवर मागावे? या प्रश्नाची उत्तरे देणारे आमचे आबासाहेब वकील. पुण्याच्या कोर्टात वकिली करत आणि संध्याकाळी भजनाला येत. कायद्यात त्यांचा पाय कधी घसरला नाही. टाळ वाजवताना मात्र ते पहिल्याच चरणाला घसरत.

*

सावकाराचा वसुलीचा माणूस म्हणजे गुलाबराव. भरदार शरीर, झुबकेदार मिशा, हातात काठी. पहिल्याच दिवशी त्यांनी भट्टीपाशी येऊन जाहीर केले, "महादू, हप्ता दे, न्हाईतर ही ऐरण मी आत्ता घिऊन जानार."

योगायोगाने आबासाहेब तिथे कोयत्याला धार लावून घ्यायला आले होते. ते शांतपणे म्हणाले, "गुलाबराव, जप्ती कोर्ट करतं. त्यासाठी हुकूमनामा लागतो, वॉरंट लागतं, बेलीफ लागतो. तुमच्याकडे यातलं काय आहे?"

"मी शेटचा मानूस हाय."

"म्हणजे यातलं काहीच नाही."

गुलाबरावांना ते लागले. त्यांनी काठी टाकली आणि दोन्ही हातांनी ऐरणीला मिठी मारली. ती जागची हलली नाही. मिशा थरथरल्या, कपाळावर घाम आला, ऐरण मात्र होती तिथेच. महादूची बायको सगुणाबाई भाता ओढता ओढता पाहत होती. ती म्हणाली, "वकीलसायेब, कायदा ऱ्हाऊ द्या. त्यास्नी आदी उचलू तर द्या."

*

त्यानंतर गुलाबरावांनी दुसरी युक्ती काढली. भट्टीसमोरच्या कडुनिंबाखाली सकाळपासून बसून राहायचे. बोलायचे नाही, नुसते पाहायचे. आलेले गिऱ्हाईक त्यांना बघून परत फिरू लागले.

आबासाहेबांनी भजनानंतर कायदा सांगितला. सावकारीच्या कायद्यात चक्क लिहिलेले आहे, की कर्जदाराच्या घरापाशी किंवा कामाच्या जागेपाशी त्याला त्रास देण्यासाठी घुटमळणे हा गुन्हा आहे. मला नवल वाटले. 'घुटमळणे' हा शब्द मी आजवर पाखरांसाठी आणि भक्तांसाठीच वापरला होता. मी विचारले, "आबासाहेब, मग त्याने यायचेच नाही का?"

"यावं की. काही माहिती विचारायला किंवा सांगायला येण्यास हरकत नाही. तेवढी सूट आहे."

हे गुलाबरावांच्या कानावर गेले. दुसऱ्या दिवशी ते आले आणि मोठ्याने म्हणाले, "महादू, मी म्हायती इचारायला आलोय. पैसं कवा देनार?"

"सुगी झाल्यावर."

"बरं."

माहिती मिळाली होती. आता जायला हवे होते. पण गुलाबराव पुन्हा कडुनिंबाखाली टेकले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "औंदा ज्वारी कशी हाय?" मग, "आळंदीची यष्टी गेली का?" मग, "दिगीला कोनत्या रस्त्यानं जायाचं?"

सगुणाबाईने भाता थांबवला. "भाऊ, दिगी तर तुमची सासुरवाडी. रस्ता इसरलात म्हून तुमच्या सासूला सांगावा धाडू का?"

त्या दिवशीची माहिती तिथेच संपली.

*

एकदा गुलाबराव एक कोरा कागद घेऊन आले. "नुसता अंगठा उठव. बाकीचं शेट लिव्हतील."

महादू भिडस्त माणूस. त्याने अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. गुलाबरावांनी कागद उजेडात धरला. त्यावर एक काळा ठिपका होता, रेघ एकही नाही. दुसऱ्यांदा टेकवला, तरी तसाच. डावा हात घेतला, तोही तसाच.

"ह्यो अंगठा हाय का जांभूळ?" गुलाबराव म्हणाले.

महादू ओशाळला. "काय करू राव, रेगा भट्टीनं खाल्ल्या."

संध्याकाळी आबासाहेबांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. कोऱ्या कागदावर अंगठा घेणे हाच मुळात गुन्हा होता, आणि त्यांना तो सिद्ध करायची फार इच्छा होती. पण अंगठा महादूचाच आहे, हे महादूलाही सिद्ध करता आले नसते.

*

महादू जाईल तिथे गुलाबराव मागे जाऊ लागले. बाजाराला गेला, हे मागे. ओढ्यावर गेला, हे मागे. अखेर एका संध्याकाळी भजनालाही ते मागोमाग आले आणि खांबाला टेकून बसले.

"हेसुद्धा कायद्यात बसत नाही," आबासाहेब माझ्या कानात म्हणाले. "पाठलाग आहे हा."

मी म्हणालो, "तुमच्या कायद्याप्रमाणे त्यांना बाहेर काढता येईल. पण देवळात आलेल्याला मी बाहेर काढणार नाही. मात्र इथे बसायचे तर रिकाम्या हाताने बसता येत नाही." आणि मी गुलाबरावांपुढे टाळ ठेवले.

गुलाबरावांनी इकडेतिकडे पाहिले आणि टाळ उचलले. पहिला चरण झाला, दुसरा झाला. महादूने पखवाजाची लय वाढवली, गुलाबराव बरोबर. पुन्हा वाढवली, तरी बरोबर. काठीवाल्या हातांत इतका नेमका ठेका असेल, असे कोणाला वाटले नव्हते. शेजारी आबासाहेब नेहमीप्रमाणे भलतीकडेच वाजवत होते.

भजन संपल्यावर महादूने पखवाजाला लावलेली कणीक खरवडत मला हळूच विचारले, "बुवा, पाठलागाचा ह्यो कायदा वकीलसायबांस्नी लावता येतो का? ते समदं भजन माझ्या मागं मागंच असत्यात."

*

सावकाराने कोर्टात दावा लावला आणि हुकूमनामा मिळवला. आता बेलीफ खरोखरच येणार होता. महादूच्या घरातले काय काय जाऊ शकते, हे जाणून घेण्यासाठी सगुणाबाई स्वतः देवळात आली. आबासाहेबांनी यादी सांगायला सुरुवात केली.

"अंगावरचे कपडे जात नाहीत. अंथरूण-पांघरूण जात नाही. स्वयंपाकाची भांडी जात नाहीत."

"मंगळसूत्र?"

"नाही. धर्माप्रमाणे जो दागिना स्त्रीला उतरवता येत नाही, त्याला कोर्ट हात लावत नाही."

कोर्टाच्या कायद्यात धर्माचा शब्द आला, हे ऐकून मी सरसावून बसलो. "आणि हत्यारे?"

"कारागिराची हत्यारंही जात नाहीत, बुवा. ऐरण, हातोडा, भाता, सांडशी, सगळं सुरक्षित."

सगुणाबाईने पदराने डोळे टिपले. जाता जाता दारातून वळली. "आन कोंबडी?"

आबासाहेबांनी विचार केला. "शेतकऱ्याची गुरं जात नाहीत. पण तुम्ही शेतकरी नाही. त्यामुळे कोंबडी जाऊ शकते."

दुसऱ्या दिवशी मी नदीवरून परत येत असताना लोहाराच्या घरातून मसाल्याचा घमघमाट येत होता. माझी वाट वेगळी आणि माझे ताट वेगळे, म्हणून मी नाकाला उपरणे लावून पुढे गेलो. पण कायद्याचा अर्थ इतक्या लवकर कोणी लावल्याचे मी पाहिले नव्हते.

*

आणि इथेच एक पेच पडला. कर्ज फेडायचे म्हणून महादूने पिंपरीच्या कारखान्यात नोकरी धरली. तिथे त्याला शिफ्ट लागली, पगार ठरला. आनंदाने त्याने देवाला नारळ फोडला आणि प्रसाद आबासाहेबांच्या हातावर ठेवला. त्यांचा चेहरा पडला.

"महादू, तू आता कारागीर राहिलास का रे?"

"म्हंजी?"

"कायदा कारागिराच्या हत्याराला सोडतो. कंपनीतला कामगार म्हणजे कारागीर नव्हे. तो सावकार म्हणेल, लोहारकी बंद झाली. मग ती ऐरण हे हत्यार नाही, नुसतं लोखंड आहे. आणि लोखंड जप्त होतं."

महादूने पखवाजाच्या तोंडावर हात फिरवला. "वकीलसायेब, पैसं फेडायला गेलो तर ऐरन जाती, आन ऐरन राखायला गेलो तर पैसं फिटत न्हाईत. ह्यात मी उभा कुटं ऱ्हायाचं?"

आबासाहेब घरी जाऊन कायद्याची पुस्तके उघडून बसले. मी पोथ्या उघडल्या.

*

बेलीफ पहिल्यांदा आला, तो दिवस ढगाळ होता. एस.टी. रस्त्यात बंद पडल्यामुळे तो आणि गुलाबराव दिवेलागणीच्या सुमाराला गावात पोहोचले. सूर्यास्तानंतर जप्तीसाठी घरात शिरता येत नाही, हा नियम आबासाहेबांनी वेशीतच ऐकवला.

"सूर्य मावळलेला नाही," गुलाबराव म्हणाले.

"दाखवा कुठे आहे ते," आबासाहेब म्हणाले.

आभाळात काहीच दिसत नव्हते. तेव्हा सगळे पंचांग पाहायला माझ्याकडे देवळात आले. बेलीफ चपला काढून दारात उभा राहिला. महादू दूर भिंतीला टेकून माझ्याकडे पाहत होता. माझ्या मनात काय आले असेल, ते देवाला ठाऊक. पण हातात पंचांग असताना मी वेगळे सांगू शकत नव्हतो.

"अजून थोडा अवकाश आहे," मी म्हणालो.

गुलाबराव लगेच निघाले. मी बेलिफाला म्हणालो, "पण देवळात पाऊल ठेवलेत आणि दर्शन न घेता निघालात?"

तो भाविक निघाला. त्याने हातपाय धुतले, गंध लावून घेतले, नमस्कार घातला आणि प्रदक्षिणेला लागला. आमच्या देवळाची प्रदक्षिणा पारापर्यंत जाते. तो तीर्थ घेऊन बाहेर आला, तेव्हा घराघरांत दिवे लागले होते.

त्याने दिव्यांकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. "बुवा, पंचांग खरं आहे तुमचं. पण देव फार लांबून फिरवतो."

*

दुसऱ्या खेपेला तो भर दुपारी आला. महादू शिफ्टवर होता. ऐरण न्यायला गुलाबरावांनी चाकणहून बैलगाडी आणली होती. मला आणि पारावरच्या एकाला पंच म्हणून बोलावले. आबासाहेबही आले.

बेलिफाने भट्टीत डोकावून पाहिले. राख थंड होती. ऐरणीवर धूळ होती. सगुणाबाई दारात उभी होती.

"लिव्हा," गुलाबराव म्हणाले. "लोहार कंपनीत गेला. धंदा बंद. ऐरन म्हंजी आता नुसतं लोखंड."

आबासाहेब बोलू लागले, पण बेलिफाने हात वर केला. "वकीलसाहेब, मी जे डोळ्यांनी पाहतो, ते लिहितो. भट्टी विझलेली आहे." त्याने कागद मांडीवर घेतला आणि लिहायला सुरुवात केली. सगुणाबाईने दाराची चौकट घट्ट धरली.

तेवढ्यात गाडीवान धावत आला. "गुलाबराव, चाकाची खीळ मोडली. रिकामी गाडीच उभी ऱ्हात न्हाई, ऐरन कशी लादायची?"

गुलाबराव बाहेर गेले, चाक हलवून पाहून आत आले. गावात दुसरा लोहार नव्हता. मिशीवरून हात फिरवून ते म्हणाले, "वैनी, तेवढी खीळ घालून देता का?"

सगुणाबाईने पदर खोचला, कोळसा घातला आणि भाता ओढला. लोहाराच्या घरात घण बहुधा बाईच उचलते. ही तर लग्न झाल्यापासून उचलत आली होती. लाल झालेली सळई तिने सांडशीने ऐरणीवर धरली आणि ठोके घातले. बेलीफ लिहिणे थांबवून पाहत राहिला. ठिणगी कागदावर पडू नये म्हणून त्याने कागद मागे घेतला. खीळ तयार झाली, पाण्यात चरचरली, चाकात बसली.

गुलाबरावांनी चाक फिरवून पाहिले. "झ्याक."

"मजुरी?" सगुणाबाईने विचारले.

"आं?"

"मजुरी. गावची मानसं सुगीला धान्याचं बलुतं देत्यात. तुमी तर चाकनचे."

गुलाबरावांचा हात खिशाकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी आबासाहेबांकडे पाहिले. आबासाहेब आभाळाकडे पाहत होते. मी डोळे मिटून नामस्मरण सुरू केले होते.

बेलिफाने टाक दौतीत बुडवला, कागद पुन्हा मांडीवर घेतला आणि अगदी सरळ आवाजात विचारले, "बोला गुलाबराव, काय लिहू? मजुरी रोख दिलीत, की बलुत्यात धरायची?"