चाळीस वेळा सुमन

"बाई, नवी पाटी घेतली का?" असं विचारत आमचे कंप्युटरचे सर रिकाम्या टेबलावर तळहात फिरवायचे, पाटी पुसल्यासारखा. पाटी कुठेच नसायची; कंप्युटरमधल्या नाव ठेवायच्या जागेला ते पाटी म्हणायचे. मुरबाडच्या त्यांच्या क्लासात चार कंप्युटर होते आणि एक अतिशहाणी. ती मी. शाळेतली क्लार्क, पंचेचाळिशीची, दोन महिन्यांत कंप्युटरला कामाला लावणारी स्क्रिप्ट लिहायला शिकले म्हणून जमिनीपासून चार बोटं वरून चालणारी.

टोकावड्याकडून येणाऱ्या चाळीस मुलींच्या एसटी पासची यादी मी दरवर्षी हाताने लिहायचे. त्या वर्षी मुख्याध्यापकांना ऐकवलं, "हाताने कोण लिहितं आता?" यादी शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत डेपोत गेली नाही, तर सोमवारपासून पोरी घरी बसणार होत्या. आणि घरी बसलेली पोर परत शाळेत किती वेळा येते, ते तुम्हीही पाहिलंय.

शनिवारी चार वाजता क्लासातल्या प्रिंटरमधून कागद आला. चाळीस ओळी, आणि चाळीसही ओळींत सुमन. सुमन आमच्या यादीतली शेवटची मुलगी.

यादी न्यायला आलेले मुख्याध्यापक दारातच उभे होते. त्यांचा चेहरा बघितला आणि माझं बोट आपसूक वळलं. "सरांनी असंच शिकवलंय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "हां, माझीच चूक. धा मिनटं द्या."

मग शेजारी बसून हळूच म्हणाले, "बाई, तुमी एकच पाटी घेतली. पुसून पुसून चाळीस नावं लिवली, नि दर वेळेला तीच पाटी यादीत टाकली. शेवटी पाटीवर सुमन, म्हनून चाळीसही जागी सुमन. यादीकडे पाटी र्‍हाते, पुसलेलं नाय र्‍हात."

नवी पाटी घेण्याची ओळ मी स्क्रिप्टच्या सुरुवातीला एकदाच लिहिली होती. त्यांनी ती खाली सरकवली, दर मुलीमागे चालेल अशी. चाळीस जणींना चाळीस पाट्या मिळाल्या. पाचला पाच कमी असताना मुख्याध्यापक यादी घेऊन डेपोत पोचले.

सुमनचा कागद सरांनी भिंतीवर चिकटवला. नवी पोरं हसून विचारायची, "सर, हा कुणाचा पराक्रम?"

"माझाच. दुसरा कोन करनार?"

सगळ्यांत मोठ्याने मीच हसायचे.

पुढे क्लास बंद पडला. सर शहापूरला गेले, आणि काही वर्षांनी तिथेही राहिले नाहीत. आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं लटकतात. नातीसाठी एक घ्यायला गेले, तर भिंतीवर चिकटपट्टीचे चार पिवळे डाग दिसले.

"आजी, काय बघताव?" दुकानदाराने विचारलं.

"माझी चूक," मी म्हटलं. इतक्या वर्षांनी, आणि तेही भलत्याच माणसाला.