खुर्चीला विचारून बसणारे दाजी

आमचे बबनदाजी कुठल्याही खुर्चीत बसण्याआधी तिच्या बैठकीवर तळवा दाबून विचारायचे, "धरशील का बाई?" मग तिचा होकार आल्यासारखी मान हलवून बसायचे. माझ्या लग्नात त्यांनी तीन खुर्च्यांना विचारलं. तिसरीने दगा दिला. मांडवात हशा पिकला, तेव्हा खाली बसल्या बसल्याच दाजी म्हणाले, "नवरदेव सोडून समदी माझ्याकडंच बघत्यात राव." खरंच होतं ते. नवरदेवात तेव्हाही बघण्यासारखं काही नव्हतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. ओतूरजवळ शेती, पण जुन्नर-आंबेगावात त्यांना ओळखायचे ते बैलगाडा शर्यतीतला आवाज म्हणून. गाडा जुंपला की दाजी माईकवरून मालकाचं नाव, गाव, चारही बैलांची नावं, मागच्या जत्रेतली वेळ, सगळं घडाघडा सांगायचे. हातात कागद नाही. "ह्यो कवड्या. ह्याची आई घाटघरची, लई शानी. मालकाचं मला म्हाईत न्हाई." मालक सगळ्यांत मोठ्याने हसायचा. मी विज्ञानाचा मास्तर, वर्गाची हजेरीसुद्धा वहीत बघून घेतो. दाजी म्हणायचे, "कागुद वाचायला तर तुमीबी चालाल मेव्हणं. नाव तोंडात पायजे."

आणे गावच्या पठारावर एका शर्यतीत त्यांच्याखाली स्टेजची फळी मोडली. गुडघे, शुगर, धाप आधीपासून होतीच. पुण्याच्या डॉक्टरांनी जठर लहान करायचं ऑपरेशन सुचवलं. दाजी एका अटीवर तयार झाले. "कुणाला कळता कामा न्हाई. मी माईकवरनं समद्यांची खेचतो. उद्या पोट कापून बारीक झाला म्हनले, तर मी कुठं बघू?"

म्हणून पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन, अशी थाप मी रचली. इतकी बेमालूम, की आक्काच्या सासूबाईंनी खडे केवढे होते ते विचारलं. मी सांगितलं, "शेंगदाण्याएवढे."

दोन महिन्यांत दाजी निम्मे दिसू लागले. शर्टाच्या आत आणखी एक माणूस मावेल, असं सगळ्यांना दाखवत फिरले. मग उलट्या लागल्या. पाणी ठरेना. ताकदीच्या गोळ्याही उलटून पडायच्या, म्हणून त्यांनी त्या बंदच केल्या. पुण्याला फोन केला, तर डॉक्टर बाहेरगावी, पुढच्या आठवड्यात या. तोवर जवळच्या दवाखान्यात गेलो.

"मागं कसलं ऑपरेशन झालंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

दाजींनी माझा हात दाबला. मी म्हणालो, "पित्ताचे खडे काढलेत." आणि शहाणपणा करून वर म्हणालो, "ग्लुकोजची सलाईन लावा की. तरतरी येईल."

आपल्याकडे अशक्त माणसाला बाटली लावल्याशिवाय घरच्यांना चैन पडत नाही. चार दिवस रोज एक लावली.

पाचव्या दिवशी दाजी भिंत धरून चालायला लागले. "मेव्हणं, तुमी दोन दोन दिसताय." मी म्हणालो, "एकानं भागत नाही ना." दोघंही हसलो.

संध्याकाळी कवड्याचा मालक भेटायला आला. दाजींनी कवड्याला हरण्या म्हटलं, मालकाला भलत्याच गावचा केला आणि कधीच न झालेल्या एका शर्यतीचं असं वर्णन केलं, की मालक पोट धरून हसला. मीही हसलो. आक्का दारात उभी होती.

"ह्ये थट्टा न्हाईत करत," ती म्हणाली. "सकाळी मला इचारलं, तू कुनाची गं?"

गाडी तिनेच बोलावली. मंचरला एका डॉक्टरीणबाईंनी दाजींच्या डोळ्यांपुढे बोट फिरवलं, चालवून बघितलं, सैल कातडी चिमटीत धरली. म्हणाल्या, "खडे काढून माणूस एवढा उतरत नाही. खरं सांगा." मी घसा खाकरेपर्यंत आक्काने सगळं सांगून टाकलं. बाईंनी तिथल्या तिथे इंजेक्शन दिलं, या आजारातलं कळणारे डॉक्टर फोन करून स्वतः शोधले आणि चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या, "अशा ऑपरेशननंतर उलट्या लागल्या की शरीरातलं बी-वन जीवनसत्त्व संपतं. ग्लुकोजच्या आधी ते द्यावं लागतं. नाहीतर मेंदूवर जातं." माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही काय करता?"

ब-एक जीवनसत्त्वाचा तक्ता मी दरवर्षी फळ्यावर काढतो. पोरांकडून पाठ करून घेतो.

दाजी वाचले. पाय सावरले, दोन दोन दिसणं थांबलं. नावं परत आली नाहीत. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, आता जेवढं आलं तेवढं. आता दवाखान्यात कुणी काही विचारलं, की मी न विचारलेलंही सांगतो. बायको म्हणते, डॉक्टरला श्वास तरी घेऊ द्या.

रविवारी मी ओतूरला जातो. वहीत बैलांची नावं उतरवून नेतो आणि दाजींना वाचून दाखवतो. कवड्या, पाखऱ्या, हरण्या. ते मन लावून ऐकतात. "लई चांगली नावं हायेत," म्हणतात. "कुणाची?"

परवा आक्काने अंगणात त्यांच्यासाठी खुर्ची मांडली. आता ते इतके बारीक, की त्या खुर्चीत दोन दाजी मावतील. आक्काचं नाव त्यांना त्या दिवशी आठवत नव्हतं, माझं तर नाहीच. ते खुर्चीपाशी आले, वाकले, बैठकीवर तळवा दाबला.

"धरशील का बाई?"

आक्का पदराने तोंड पुसत म्हणाली, "धरील. बसा तुमी."