टॉर्च मी धरला होता

हे आजवर माझ्या तोंडून कुणापुढे निघालेलं नाही. निखिलपुढे नाही, नवरा असून. बहिणीपुढे नाही — आणि तिला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करते. तुम्हाला का सांगतेय, ते मलाही नीट ठाऊक नाही. बसा जरा. रडारड होणार नाही, घाबरू नका. या गोष्टीवर मला रडू येतच नाही.

आमच्याकडे एक जुनी गाडी आहे. पांढरी, छोटी, निखिल शाळेत असताना घेतलेली. गाडी बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. रेल्वेतून रिटायर झाले, मग सासूबाई गेल्या, आणि त्यांना उरलं कोण? गाडी आणि आम्ही — खरं सांगू, ह्याच क्रमाने. सकाळी पोहे खाल्ले की बोनेट उघडलंच. शेजारचे म्हणायचे, बाबूजी, अब तो नई ले लो. बाबा म्हणायचे, हिला काय धाड भरलीय?

मी राऊच्या एका कॉलेजात लायब्ररीत आहे. घर परदेशीपुऱ्यात, म्हणजे इंदूरच्या पार दुसऱ्या टोकाला. बस, मग ऑटो, मग पायी, असं बरेच दिवस चाललं. एक दिवस बाबांनीच किल्ली समोर ठेवली. रोज तू ने, रविवार माझा. रविवारी ते गौतमपुऱ्याला जायचे, मोठ्या बहिणीकडे. आत्या शेतावरच्या घरात एकट्या राहायच्या. जाताना इथली शेव, येताना तिथले बटाटे-लसूण. दिवसभर दोघं म्हातारे कडाकडा भांडायचे आणि संध्याकाळी बाबा एकदम खूश होऊन परत यायचे.

तर मीटर. बाबांना एक सवय होती — गाडी दारात लागली की आधी मीटर बघायचं, माणसाकडे नंतर. घरून कॉलेज किती, परत किती, सगळं तोंडपाठ. आणि मग नुसतं म्हणायचे, आज चार जास्त झाले. बस. रागावणं नाही, चौकशी नाही. हिशेब जुळला नाही की त्यांना चैन पडायचं नाही, इतकंच.

पण ते चार किलोमीटर माझे होते हो.

कॉलेजातून निघाले की मी सरळ घरी न येता थोडी पुढे जायची, महूच्या बाजूला. एका बंद ढाब्यामागे मोकळी जागा आहे. तिथे गाडी लावायची, काचा वर करायच्या आणि बसायचं. कुणी भेटायला येत नसे. फोन नाही, गाणी नाही. डोकं मागे टेकून नुसतं बसायचं. दिवसभर कॉलेजची मुलं, घरी गेलं की घर — मधला तेवढा वेळ कुणाच्याच नावावर नसायचा. हसाल तुम्ही. बाई चोरून करते काय, तर बसते! एखादं लफडं असतं तर निदान सांगण्यासारखं तरी काही असतं.

चार जास्त म्हणाले की मी म्हणायची, रस्ता खोदलाय बाबा, डायव्हर्शन होतं. इंदूरमध्ये हे कुणालाही पटतं, कुठे ना कुठे खोदलेलंच असतं. पण रोज तेच तेच खोटं बोलायचा कंटाळा येतो. आणि चीडही यायची मला. ह्या वयात मी चार किलोमीटरचा जबाब देऊ? खरं सांगितलं असतं — बाबा, मी जरा एकटी बसते — तर काय म्हणाले असते ते? बैस ना बेटा, म्हणाले असते. हे मला तेव्हाही माहीत होतं. मग का नाही सांगितलं? खूप वेळा विचारून झालंय स्वतःला. आता मी विचारतही नाही.

आमच्याकडे खंडेनवमीला गाडीची पूजा होते. तलवारी कुठून आणणार, आमची शस्त्रं म्हणजे पाने, पक्कड आणि गाडी. आदल्या दिवशी बाबा गाडी धुणार आणि मीटरची केबल काढून तिला ग्रीस लावणार, हा दर वर्षीचा नेम. जुन्या गाडीत गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक केबल जाते. चाकांबरोबर ती आत फिरते, म्हणून वर काटा हलतो आणि किलोमीटरचे आकडे पुढे सरकतात. खालचं टोक एका नटाने धरलेलं असतं. त्या वर्षी निखिल टूरवर होता, म्हणून टॉर्च मी धरला. बाबांचा हात तेव्हा थोडा थरथरायला लागला होता. पण नट त्यांनी आवळला — आवळला, पुसला, पुन्हा पाना लावून आवळला. वर मला शिकवतही होते. हे टोक निघालं ना, की वर सगळं मुकं. गाडी पळेल, पण किती पळाली ते नाही सांगणार. मग त्यांनी नटालाच हळदकुंकू लावलं. मी हसले, तेही हसले.

दिवाळीनंतर, कॉलेजच्या पार्किंगमध्ये, मी तो नट काढला. हाताने निघेना, तेव्हा डिकीतला त्यांचाच पाना घेतला. हळदीचा पिवळेपणा अजून होता त्यावर. टोक बाहेर ओढून बाजूला सारलं आणि बोनेट लावलं. ओढणीला ग्रीस लागलं ते घरी येऊन धुतलं. त्या दिवशी मी ढाब्यामागे बसले, आणि घरी येऊन म्हणाले, बाबा, मीटर बंद पडलंय वाटतं.

मला वाटलं होतं, जुनी गाडी आहे, सोडून देतील. सोडतील कसले! उलट कामच मिळालं त्यांना. काटा हलत नाही आणि आकडेही नाहीत, मतलब मीटरच्या आतलं चाक नाही, दोष केबलकडेच — एवढं तर त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. तरी डॅशबोर्ड उघडला. मीटर काढून बाजारात नेलं, तिथल्या कारागिराने फिरवून दाखवलं, एकदम ठीक. वरचं टोक तपासलं. आतली तार ओढून बघितली, अखंड. मग म्हणाले, गिअरबॉक्सच्या आतले दात झिजले असतील, मेकॅनिकला बोलवू. सगळं सगळं तपासलं त्यांनी, फक्त तो एक नट नाही. तिथे काय बघायचं, तो तर मी स्वतः आवळलाय, म्हणायचे. मी चहा नेऊन द्यायची, शेजारी उभी राहायची. काय वाटत होतं मला? काहीच नाही. खरंच काही नाही. मी तेव्हा रात्रीच्या भाजीचा विचार करत असेन.

मेकॅनिक रविवारी सकाळी आला. त्याने बोनेट उघडून हात खाली घातला आणि सुटलेलं टोक वर काढून दाखवलं. बाबूजी, ये तो कसा ही नहीं था. आवळलाच नव्हता म्हणे. हसत म्हणाला तो, बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. बाबा त्या टोकाकडे बघत राहिले. मग स्वतःच्या हाताकडे. निखिल दारात उभा होता. बाबा माझ्याकडे वळले.

"बेटा, टॉर्च तू धरला होतास ना? मी नट आवळला होता ना?"

इथपर्यंत, बघा, सगळं निस्तरता आलं असतं. नट काढला, हा मूर्खपणा — त्याला तसं नाव देता येतं. पण ह्या प्रश्नाचं उत्तर सगळ्या जगात फक्त मला माहीत होतं. ते माझा चेहरा बघत होते. विश्वासाने हो, संशय वगैरे काही नाही.

"लक्षात नाही, बाबा," मी म्हणाले.

हेच. हेच सांगायचं होतं.

त्यांनी मान हलवली. हळू आवाजात म्हणाले, राहिला असेल ढिला, चालता चालता निघाला असेल. मेकॅनिकने नट बसवला आणि गेला. त्या रविवारी बाबा गौतमपुऱ्याला गेले नाहीत. निखिल आधीपासून म्हणत होताच की वय झालं, आता गाडी चालवू नका, आणि बाबा त्याला उडवून लावायचे. ह्या वेळी निखिलला काही बोलावंच लागलं नाही. संध्याकाळी बाबांनी स्वतःहून किल्ली माझ्या हातात दिली. आता तूच चालव, माझ्या हाताचा भरोसा नाही राहिला, म्हणाले. आज नट राहिला, उद्या ब्रेक राहील, कुणाच्या अंगावर गेली तर? मी किल्ली घेतली. तेव्हा तरी बोलायचं? किल्ली खिळ्याला अडकवली आणि कणीक मळायला गेले.

मी म्हणायची, बाबा, मी सोडते तुम्हाला आत्यांकडे. ते म्हणायचे, तुला एकच तर रविवार मिळतो. निखिल एक-दोनदा घेऊन गेला. मग फोनवरच भांडायचे दोघं, तेही आत्यांना नीट ऐकू येईनासं झालं. मागच्या थंडीत त्या गेल्या. अंत्यविधीला जाताना गाडी मीच चालवत होते. बाबा शेजारी बसले होते, मांडीवर शेवेची पुडी — सवयीने घेतली असेल. सगळ्या रस्त्याने त्यांची नजर मीटरवर होती. आकडे नीट सरकत होते. गाव आलं तेव्हा म्हणाले, चालतंय बरोबर. एवढंच बोलले ते.

मीटर आजही चालू आहे. संध्याकाळी ते कुणी वाचत नाही. चार काय, चाळीस जास्त झाले तरी कुणी विचारणार नाही. मला हवं होतं ते मला मिळालं आणि मी अजूनही त्या ढाब्यामागे जाऊन बसते. जाणं बंद केलं असतं तर तुम्हाला मी जरा बरी वाटले असते. पण बसते.

बाबांचा आता स्वतःवर अजिबात विश्वास नाही. गॅस बंद केला की दोनदा परत येऊन बघतात. नळ, कुलूप, देवाजवळचा दिवा. निखिल डॉक्टरकडे घेऊन गेला होता. डॉक्टर म्हणाले, स्मरणशक्तीला काही झालेलं नाही, उगाच धसका घेतलाय. कशाचा, ते तिथे कुणालाच सांगता आलं नाही. मीही होते तिथे, फाईल धरून.

कालचंच सांगते. मी कॉलेजातून आले, चपला काढत होते. बाबा ओट्यापाशी उभे होते, गॅसच्या बटनावर बोट ठेवून. बेटा, मी बंद केलाय ना हा? मी बघितलं. बंद होता. बंद आहे बाबा, म्हणाले. त्यांनी लगेच बोट काढलं आणि निवांत जाऊन खुर्चीत बसले. निखिलने सांगितलं तर पुन्हा उठून बघतात. मी सांगितलं की नाही बघत.