आमच्या घरचं अळणी

मी तिसरी शिकलो आणि शाळा सोडली. मास्तरांशी वाजलं, मी परत गेलो नाही, एवढंच. तेवढ्या अक्षरांच्या जोरावर हे लिहितोय. चुका निघाल्या तर वाचणाऱ्यानं सुधारून घ्याव्यात, मी पुन्हा लिहायला बसणार नाही.

पानशेत फुटायच्या आधीची गोष्ट आहे. आमची भाताची खाचरं आज्याच्या वेळीच मुळशीच्या धरणाखाली गेलेली. वरच्या उतारावर नाचणी-वरी व्हायची, आणि दिवाळी झाली की आम्ही नवरा-बायको कोळशाच्या भट्टीवर कामाला जायचो. लाकडं उभी रचायची, वर पाला घालायचा, पाल्यावर माती लिंपायची, आत विस्तव सोडायचा आणि धुराचा रंग बघत बसायचं. भट्टी उघडली की सगळी माणसं एकाच रंगाची. दात तेवढे दिसायचे. संध्याकाळी ओढ्यावर राखेनं अंग घासलं की ज्याचा त्याचा रंग ज्याला त्याला परत मिळायचा. माझा काळासावळा, आमच्या मंडळींचा, म्हणजे बायकोचा, गव्हाळ.

त्या साली मंडळींचा रंग काही परत येईना.

"आगं, नीट घास की," आई म्हणायची. "माहेरी अंग धुवाय शिकवलं न्हाई व्हय?"

"घासलं की वो आत्याबाई. आता कातडंच निगायचं ऱ्हायलंय."

शेवटी आईनं स्वतः नारळाची शेंडी घेऊन तिचे हात घासले. कातडी सोलवटली, पण काळं गेलं नाही. तळहाताच्या रेषा तर काजळानं ओढल्यासारख्या दिसत. पायावर विळ्याची जुनी खूण होती, ती आधी पांढरी होती, तीही काळी झाली. आम्ही म्हटलं, यंदा कोळसा अंगात मुरला.

त्यातच तिला मिठाचा नाद लागला. आमच्याकडं तेव्हा कोकणातनं घाट चढून खडे मीठ यायचं. ती मडक्यातनं खडा काढायची आणि खडीसाखर चघळावी तसा चघळायची. आई मनातनं हरखली. बायका तिला चिडवायला लागल्या, "खारट मागतीया, म्हंजी पोरगाच हाय." पण दिवस गेलेले नव्हते. पोट वाढायच्या ऐवजी ती वाळतच चालली. बसलेली उठली की डोळ्यांपुढं अंधारी यायची, मग कुडाला धरून उभी राहायची.

आमच्यात एक रीत होती. देवीकडं काही मागायचं तर जिभेला जे सगळ्यांत जास्त आवडतं ते सोडायचं. मला लहानपणी देवी आल्या तेव्हा आईनं गूळ सोडला, तो पुढं कधी खाल्ला नाही. मंडळींनी मीठ सोडलं. गावदेवीपुढं नारळ हातात धरून म्हणाली, "आई, माझं अंग पहिल्यावानी कर. चैताच्या यात्रंपातुर मी मिठाला शिवायची न्हाई."

मला तिचा अभिमान वाटला. दिलेला शब्द पाळणाऱ्या घरात आली होती, शोभली.

तिचं अळणी वेगळ्या तव्यावर व्हायला लागलं. मिठाचं मडकं उघडलं की ती तोंड फिरवायची. थोड्याच दिवसांत खाल्लेलं पोटात ठरेना. एका सकाळी मला भट्टीवर लाकूड देता देता खाली बसली आणि तशीच कलंडली. हात लावला तर गार.

बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि चौघांनी तिला सडकेला आणलं. कोळशाची गाडी पुण्याला निघालीच होती, पोत्यांवर तिला निजवली, उशाला मी बसलो. दवाखान्यात पोचलो तेव्हा दोघंही असे दिसत होतो की दारातली नर्स म्हणाली, "आधी यांना धुवून काढा, मग पेशंट कोण ते कळेल."

एका तरुण डॉक्टरानं तिच्या हातात सुई घालून बाटली लावली. संध्याकाळपर्यंत तिनं डोळे उघडले. मला म्हणाली, "भट्टीवर कोण हाय?" मग मला जरा धीर आला.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले. मागं पाच-सहा शिकाऊ पोरं.

"काय रे, हिचा रंग जन्मापासून असाच आहे का?"

मला अरेतुरे खपत नाही. पण बायको त्यांच्या खाटेवर होती, म्हणून गिळलं. म्हटलं, "न्हाई. कोळशाच्या भट्टीवर हाय आमी. बसलाय तो अंगावर."

त्यांनी कापूस स्पिरिटात बुडवला आणि तिचा तळहात रगडला. मग तो कापूस माझ्या नाकापुढं धरला. पांढरास्वच्छ.

"कुठाय कोळसा?"

त्यांनी तिला तोंड उघडायला लावलं आणि मला वाकून बघायला सांगितलं. हिरड्यांवर आणि गालाच्या आतनं निळसर काळे डाग होते, पिकल्या जांभळाचे असतात तसे.

"ही काय भट्टीपाशी आ करून झोपते का?"

पोरं हसली. मंडळीपण हसली, तेव्हा मला राग धरता आला नाही.

मग दंडाला पट्टा बांधून निजलेल्या अंगाचा दाब मोजला, तिला उभी करून पुन्हा मोजला. उभी राहिली की दाब एकदम पडत होता. डॉक्टरांनी विचारलं, "हिला मीठ फार लागतं का?"

आता ह्यांना कसं कळलं? मी सगळं सांगितलं, मडकं, डोहाळे, देवी.

"आणि मग काय केलं?"

"मीठ सोडलं तिनं. नवस हाय."

ते खाटेच्या कडेवर बसले. "अहो," ते म्हणाले. तिथनं पुढं मला अहोजाहो झालं. "ही बाटली काय आहे ठाऊक आहे? मिठाचं पाणी आहे. त्यानं तुमची बायको काल वाचली."

हे ऐकलं आणि मंडळी उठून बसली, दुसऱ्या हातानं सुई ओढायला लागली. "काडा ह्ये! नवस मोडला माझा!" नर्सनं हात धरला.

मी म्हटलं, "आगं, तू तोंडानं खाल्लंस का? ह्ये हातातनं गेलंय. हातानं कुटं नवस बोलली हुतीस?"

तिला ते पटलं. निदान त्या दिवसापुरतं.

ती सावरल्यावर तपासण्या झाल्या. एका सकाळी तिला उपाशीपोटी लोटे भरभरून पाणी पाजलं आणि किती लघवी होते ते बरणीत मोजलं. पोरांना फरक दाखवायला तेवढंच पाणी मलाही पाजलं. मी सकाळभर पळत होतो, ती खाटेवर बसून मला हसत होती. तिचं पाणी बाहेर यायलाच तयार नव्हतं. पोटाचा फोटो काढला, त्यात दोन्हीकडं खडू शिंपडल्यासारखे ठिपके होते.

डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून मला समजावलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपी घालावी तशा दोन गाठी असतात. त्यांचा रस रक्तात गेला की अंगात मीठ टिकतं, उभं राहायचं बळ राहतं. मंडळींना लग्नाआधी माहेरी बरेच दिवस ताप-खोकला होता, तो क्षय होता. छातीतला बरा झाला, पण ह्या गाठी खाऊन गेला. आता मीठ लघवीवाटे वाहून जात होतं. मेंदूखालची एक गाठ त्या दोघींना काम करा म्हणून सारखी हाका मारते, आणि तिच्या हाकांचा रस कातडीला काळं करतो. तो काळा रंग आतनं येत होता.

"रोज गोळी, जन्मभर. क्षयाची इंजेक्शनं. आणि मीठ, इतरांपेक्षा जास्त."

गोळी तिनं घेतली. पेजेत मीठ घातलेलं बघून तोंड मिटलं. "चैतापातुर न्हाई."

डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेलं. "हिनं मीठ खाल्लं नाही, तर तुमच्या यात्रेला ही नसेल."

मी आत आलो. तिच्या जिद्दीला माझी जिद्दच पाहिजे होती. तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, आमचं गाव जिकडं त्या खिडकीकडं तोंड केलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोललो, "आई, हिचं आळणी आजपासनं माझ्या अंगावर." आणि पाणी सोडलं. नर्स ओरडली, फरशी ओली केली म्हणून.

मंडळी बघत राहिली. "असं चालतं व्हय?"

"नवऱ्यानं घेतलं तर चालतं."

"किती दिस?"

"तू मीठ खाशील तवर."

"आवो, डाक्टर म्हनत्यात मला जन्मभर खायाचंय."

"मग जन्मभर."

"तुमाला जमायचं न्हाई. आमटीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवता तुमी." असं म्हणून तिनं पेजेचं भांडं तोंडाला लावलं आणि न थांबता संपवलं. तळाशी राहिलेलं बोटानं चाटलं.

चैतात आम्ही दोघं आईला घेऊन यात्रेला गेलो. तोवर तिचा चेहरा उजळला होता, तळहाताच्या रेषा मात्र पुरत्या फिक्या झाल्या नाहीत. आईनं देवीची ओटी भरली आणि म्हणाली, देवीनं रंग दिला. मी म्हटलं, गोळीनं दिला. आम्ही मायलेक त्यावरनं परत येईपर्यंत भांडलो.

पुढं भट्ट्या बंद झाल्या. सडक डांबरी झाली, नातू हिंजवडीला कंपनीत लागला. गोळ्या आता तोच आणतो. घरात दोन भांडी अजून वेगळी शिजतात. जेवायला बसलो की मंडळींच्या ताटात मिठाची चिमूट असते, माझ्या ताटात नाही. लोक विचारतात अळणी कसं जातं. जातं. पहिलं वर्ष वाईट गेलं, पण ते तिला मी कळू दिलं नाही.

गेल्या यात्रेला ती म्हणाली, "आता पुरं करा की. देवीला कवाच पोचलं आसंल."

"तुझी गोळी सुटली का?"

"न्हाई."

"मीठ सुटलं?"

"न्हाई."

"मग वाढ."

तिनं माझ्या पानात अळणी पिठलं वाढलं, आणि स्वतःच्या ताकात मीठ घालून ढवळत बसली.