मान गोरी राहिली

माझं कोपर लागलं आणि प्रोजेक्टरची मोटर थांबली. दिवा मात्र चालूच. भुताला घाबरून पळणारा काळा नोकर डोळे वटारून पडद्यावर थिजला. कॅम्पातली दोनशे माणसं ओरडायला लागली. मी भराभर बटणं दाबली. त्यातलं एकही कामाचं नव्हतं.

"हात लावू नका, भाऊ!" पडद्याशेजारून उस्मानभाई गरजले. "ह्याची मान बघा! तोंड कालं नि मान गोरी!"

खरंच की! हनुवटीपर्यंत काजळी आणि खाली दोन बोटं गोरीपान मान. एवढं दिसलं आणि फिल्म करपली.

उस्मानभाई हर्णैचे. एक्कावन्न साली गलबतावरचे खलाशी म्हणून अरबांच्या आखातात शर्कच्या किनाऱ्याला उतरले आणि आमच्या तेल कंपनीच्या कॅम्पातल्या मेसचे बावर्ची झाले. पडदा त्यांचाच, जुन्या शिडातून शिवलेला. गोऱ्यांच्या क्लबानं टाकून दिलेल्या हॉलिवूडच्या जुन्या मुक्या विनोदी फिती आम्ही दर शुक्रवारी संध्याकाळी लावायचो. मधल्या इंग्रजी पाट्यांचा अर्थ मी सांगायचा आणि उस्मानभाईंनी तो हिंदीत असा रंगवायचा, की तापानं फणफणलेला माणूसही अंथरूण सोडून पुढची जागा धरी.

त्या फितींत काळ्या माणसाला एकच काम: घाबरणं. चिन्यानं कपडे धुवायचे, आपल्यासारख्यानं फेटा बांधून साप काढायचा. चार वर्षं आम्ही पोट धरून हसलो, आमच्याच फेट्याला सुद्धा! आणि आता कळलं, की इथं घाबरायला देखील खरा काळा माणूस ठेवलेला नाही. तेवढी नोकरी सुद्धा गोऱ्यानंच पटकावलेली!

"आपला इद्रीस का हसत नाय, ते आज समजलं," उस्मानभाई म्हणाले. इद्रीस आमचा सुदानी चौकीदार. दर शुक्रवारी तो पडद्याकडे पाठ करून बसायचा.

पुढच्या शुक्रवारी तीच फीत जोडून लावली. पाटीवर होतं, 'मालक, माझे पाय माझं ऐकत नाहीत.' उस्मानभाईंनी सांगितलं, "अरे, ये डरता नहीं, नाटक करता है! भूत इसीने बुलाया, मालिक को घर से भगाने के लिए!"

मग मालक पळाला आणि मैदान हसून लोळलं. इद्रीस वळून बसला आणि एवढ्या मोठ्यानं हसला, की पुढच्या खुर्चीवरच्या गोऱ्या इंजिनिअरनं मागे पाहिलं. तो हसत नव्हता.

सकाळी कॅम्पचे व्यवस्थापक मजीदसाहेब, आपल्याच मुलखातले बरं का, मेसमध्ये आले. "उस्मान, पाटीवर असेल तेच सांगायचं. नाहीतर पुढच्या बोटीनं हर्णै!"

माझं डोकं सणकलं. तोंडाला काजळी फासून जगाला फसवणाऱ्याला कुणी जाब विचारला नाही, आणि पाटी बदलली म्हणून बावर्ची खोटारडा! हे सगळं मी मजीदसाहेबांना ठणकावून सांगणार होतो. पण ते गेले. मग मी उस्मानभाईंनाच समजावलं. आमची बहादुरी ही अशी.

"जाऊ द्या हो, उस्मानभाई. नोकरी सांभाळा. चार घटका हसायचं, त्यात एवढं मनाला काय लावून घ्यायचं?"

ते डेग घासत होते. त्यांनी ती उलटी केली आणि तिचं काळंकुट्ट बूड माझ्यापुढे सरकवलं.

"मग लावा तोंडाला, मी हसतो."